जोडीचा नियम

शर्यतीतल्या पहिल्या पाणपोईवर बजरंगनं सायकल आडवी टाकली आणि फोन कानाला लावला. पलीकडे सिद्धेश्वरकाका होते.

“बजरंग, आबा गेले रे. माय चहा घेऊन गेली, तर अंग गार.”

बजरंगनं पाठ फिरवली. त्याची धाकटी बहीण ऋतुजा दहा पावलांवर बाटलीत पाणी भरून घेत होती.

“निलंग्याहून आत्या निघाली. तिला पोचायला दोन तरी वाजतील. मातीला तीन,” काका म्हणाले. “पोरीला एकदम सांगू नको. लई जीव होता तिचा.”

“हाव,” बजरंग म्हणाला. फोन खिशात टाकला.

अहमदपूरजवळच्या डोंगरातली ही शर्यत दरवर्षी दिवाळीनंतर होते. चाळीस किलोमीटर, सगळी मुरमाड वाट, दोन मोठे चढ. हौशी लोकांसाठी जोडीचा गट असतो. त्यात दोघांनी मिळून रेष ओलांडायची. एक थांबला की दुसराही बाद.

बजरंग हौशी खरा, पण चिवट म्हणावा असा गडी नव्हे. पस्तिशीचा, शाळेत कारकून. मागची दोन्ही वर्षं तो दुसऱ्या चढावरून परत फिरला होता. एकदा पोटरीत गोळा आला, एकदा साखळी तुटली. निदान घरी तरी त्यानं तसंच सांगितलं. त्याच्या वडिलांनी, आबांनी, तीस वर्षं टपालाची पिशवी घेऊन सायकलवर वाड्या-तांडे पालथे घातले होते. ते ऐकून घेत आणि काही बोलत नसत. त्यांचं ते न बोलणं बजरंगला फार लागायचं.

यंदा जोडीला ऋतुजा होती. एकोणीस वर्षांची, पहिलीच शर्यत. आबा महिनाभर खाटेवर होते आणि एकच धोशा लावून बसले होते: दोघं मिळून पुरी करून या.

पहाटे निघताना बजरंग पाया पडायला आत चालला होता. रात्रीची शेवटची पाळी ऋतुजाची होती, ती दारातच उभी राहिली. “आत्ता कुठं डोळा लागलाय. उठवू नको,” म्हणाली. पाया पडायचं राहून गेलं ते गेलंच.

आता काय करावं? घरात एकदा रडणं सुरू झालं की माती होईपर्यंत घरचं माणूस उंबरा सोडत नाही. पण इथं तर दोघंही आधीच घरापासून लांब होते, आणि आत्या येईपर्यंत घरी कुणी हलणार नव्हतं. ऋतुजाला आत्ता सांगितलं, तर पोर इथंच बसकण मारील. मग आबांच्या शब्दाचं काय? तिला रेषेपलीकडं न्यायचं आणि मगच तोंड उघडायचं, असं त्यानं ठरवलं. इतकं अवघड काम त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

“कुणाचा फोन?” ऋतुजानं विचारलं.

“काकाचा. कुठवर आलाव म्हणून विचारून राहिले.”

“बरं. किती वाजले?”

“साडेआठ.”

तिनं पुढं काही विचारलं नाही. त्याला सुटल्यासारखं झालं.

पाणपोईवरच्या बाईंनी केळी पुढं केली. “नको मावशी, पोटात गडबड हाय,” ऋतुजा म्हणाली. बजरंगनं एक घेतलं आणि तिची नजर चुकवून दगडावर ठेवून दिलं. घरी माती व्हायची असताना घास कसा उतरणार?

पुढची वाट तुरीच्या शेतांमधून जात होती. तूर फुलावर आली होती. ऋतुजा पुढं, तो मागं. ती प्रत्येक वळणावर थांबून मागं बघायची. नवखी आहे, एकटी घाबरत असेल, असं त्याला वाटलं. बिचारीला काही ठाऊक नाही, या विचारानं त्याचा जीव कळवळला.

दुसरा चढ आला. अर्ध्यावर त्यानं पेडल मारायचं थांबवलं. दम लागून नव्हे. आबांची खाट, गार झालेलं अंग, सगळं डोळ्यांपुढं आलं. तो उतरला आणि वाटेतच खाली बसला.

“दादा, ऊठ.”

“ऋतुजा, माझ्यानं व्हत न्हाई.”

“व्हतंय. चालवू नको, ढकल. पण ऊठ.” तिचा आवाज चिरका झाला होता. “मी एकटी रेष ओलांडून काय करू?”

पोरीसाठी उठायलाच हवं होतं. तो उठला. दोघांनी सायकली ढकलत माथा गाठला. तिथं तिनं पुन्हा वेळ विचारली. पावणेअकरा झाले होते.

साडेअकराला दोघांनी मिळून रेष ओलांडली. एकोणीस जोड्यांत सोळावे आले. कुणीतरी गळ्यात पदकं घातली आणि जेवणाचं कुपन हातात ठेवलं. ऋतुजानं पदक काढून मुठीत धरलं. कुपन तिनं टेबलावरच ठेवलं.

बजरंगनं तिला मैदानाच्या कडेला नेलं. तीन तास गिळून धरलेलं आता सांगायचं होतं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्यालाच हुंदका फुटला.

“ऋतुजा... आबा...”

“रडू नको दादा, मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तोंडात शेवटचं पाणी मीच घातलं. डोळेबी मीच मिटवले. जाता जाता एवढंच म्हणले, बज्याला औंदा अर्ध्यात सोडू देऊ नको.”