रक्ताचा माग

क्लेटनने जमिनीत रुतलेला बाण उपसला आणि उलटसुलट करून पाहिला. टोकापासून पिसांपर्यंत स्वच्छ. रक्ताचा टिपूस नाही, केस नाही. बारा पावलांवरच्या हरणावरचा नेम साफ चुकला होता आणि ते आता टेकडीपलीकडे मजेत चरत असणार.

त्याने बाण भात्यात ठेवला, फोन काढला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्या भावाचा नंबर लावला.

"व्हर्जिल, हरणाला बाण लागलाय. पण रक्त सापडत नाही रे."

पलीकडून "कुठेयस?" एवढंच आलं.

विस्कॉन्सिनच्या त्या भागात एक रीत आहे. जखमी हरीण शोधायला कुणी बोलावलं, की जायचं. हाडवैर असलं तरी जायचं. क्लेटनला ती पक्की ठाऊक होती, म्हणून तर तो खोटं बोलला.

सव्वीस वर्षं दोघे भाऊ एकाच मचाणावर बसले होते, टोकांना चाकं-कप्प्या बसवलेली यांत्रिक धनुष्यं घेऊन. चाळीस पावलांवरून हरीण पाडणारी, ओढून धरली तरी हाताला भार न देणारी. मग क्लेटनला त्या यंत्राचा कंटाळा आला आणि त्याने साधं लाकडी धनुष्य घेतलं. व्हर्जिल खवळला. "त्या काठीने तू जनावरं अर्धमेली करशील! ती रानात तडफडून मरतील. ते बघायला मी नाही बसणार तुझ्याशेजारी."

"नको बसूस," क्लेटन म्हणाला होता. झालं! हट्टाला हट्ट. शिकारीचे दोन हंगाम कोरडे गेले. ना बायको ना पोरं, क्लेटनला भावाशिवाय होतं कोण? मचाणावर अजूनही तो अर्धी फळी मोकळी सोडून बसायचा. आज त्याचा धीर सुटला. भाऊ खरा ठरला तरी चालेल, पण यावा.

व्हर्जिल अर्ध्या तासात आला. पिकअपमधून उतरल्या उतरल्या गरजला, "सांगितलं होतं ना शहाण्या? कुठे लागला?"

"पोटात... बहुतेक."

"बहुतेक! वा रे वा! बाण कुठाय?"

"त्याच्या अंगातच राहिला."

व्हर्जिलने धाकट्याच्या भरलेल्या भात्याकडे एकदा पाहिलं. मग पुटपुटत गुडघे टेकले आणि पानं उलटायला लागला. क्लेटनही शेजारी बसला. भाऊ त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि त्या शिव्याही कानाला गोड लागत होत्या, काय सांगावं!

दोन तास गेले. पानन् पान उलटून झालं. उठताना व्हर्जिलला झाडाचा आधार घ्यावा लागत होता.

"गुडघ्याला काय झालं?"

"ऑपरेशन. मार्चमध्ये."

"मला कळवलं नाहीस?"

"तू विचारलंस?"

क्लेटनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या दुखऱ्या गुडघ्यावर आपण त्याला नसलेलं रक्त शोधायला लावतोय. आता पुरे.

"व्हर्जिल, ऐक ना. मला तुला काही सांगायचंय."

"गप. इकडे ये."

व्हर्जिलच्या हातात मेपलचं एक पिवळं पान होतं. त्यावर तांबडा ठिपका. त्याने बोटाला थुंकी लावली आणि ठिपका खसाखसा चोळला. रक्त असतं तर बोटाला लागलं असतं. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं, आणि व्हर्जिल तर पंचक्रोशीतला पट्टीचा माग काढणारा. त्याने बोट डोळ्यांजवळ नेलं. क्लेटननेही पाहिलं. बोट स्वच्छ होतं.

"रक्तच आहे," व्हर्जिल म्हणाला. "आता दिवस मावळतोय. उद्या सकाळी परत इथूनच शोधायला लागू."