येते, आजी

आकांक्षानं अजून कडीला हातही लावला नव्हता, तोच आतून धुरपताबाईचा आवाज आला, "आकांक्षा, माठ भरला का गं?"

"भरला, आजी," आतूनच कुणीतरी बारीक आवाजात उत्तर दिलं.

आकांक्षानं हात मागं घेतला. भरदुपार होती. हळद शिजवायचे दिवस, सगळं गाव शेतात. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. त्याच नावाची दुसरी कुणी असेल म्हणावं, तर हट्टा गावाजवळच्या त्या एवढ्याशा खेड्यात आकांक्षा नावाची पोरगीच नव्हती. शिबिरात कॉलेजच्या पोरापोरींनी घर न् घर पालथं घातलं होतं.

जानेवारीत हिंगोलीच्या कॉलेजचं शिबिर इथं सात दिवस होतं. सरांनी एकेकाला एकेक घर नेमून दिलं, म्हणाले, पाहुणे म्हणून नका जाऊ, शेजारी म्हणून जा. आकांक्षाच्या वाट्याला आली धुरपताबाई. दोन्ही डोळे गेलेली, मागेपुढे कुणी नाही. सात दिवस पोरीनं माठ भरला, भाकरी थापली, म्हातारीच्या केसांना तेल लावलं. निघताना उंबऱ्यावरून म्हणाली, "येते, आजी." आता आपल्यात 'जाते' कोण म्हणतं? पण म्हातारीनं ते खरं धरलं. "ये, वाट बघते," म्हणाली. आणि ही बया तीन महिने फिरकली नाही. परीक्षा होती, हे होतं, ते होतं. माठ आता कोण भरत असेल, असं मधूनच मनात यायचं, तेवढंच.

आज फाट्यावर उतरून तिनं टपरीवाल्या भिवाजीला धुरपताबाईची खबर विचारली. तो म्हणाला, "तिला काय तकलीफ? आकांक्षा येती की तिच्याकडं रोज. म्हातारीच सांगती. आमी कवा पाहिली न्हाई बा." म्हातारीला भ्रम झाला असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता मात्र तो आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

तिनं दार ढकललं. उन्हातून आल्यावर आतलं काही दिसेना. अंधारात एक पांढरी टोपी हलत होती. शिबिराची टोपी, तिचीच, खुंटीवर विसरलेली. टोपीखालचं तोंड दिसत नव्हतं. फरशीवर टक, टक वाजत ती टोपी तिच्याकडं येऊ लागली. आकांक्षा एक पाऊल मागं, उंबऱ्यावर सरली.

टोपी उजेडात आली. खाली जनकाबाईचं तोंड होतं.

जनकाबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, पन्नाशीची. त्या भिंतीवरूनच दोघींचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. "माझ्या मयतालाच ये, तवर पाऊल टाकू नको," असं धुरपताबाईनं तिला भर गल्लीत बजावलं होतं, ते अख्ख्या शिबिरानं ऐकलं होतं. म्हातारीनं डोक्यावरून हात फिरवला तर टोपी लागावी, एवढी तयारी बाईनं केली होती. तिनं घाबरून हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"दारात कोण हाय?" धुरपताबाईनं विचारलं.

आकांक्षानं जनकाबाईच्या ओठांवरचं बोट पाहिलं. आपण खरं नाव सांगितलं की उद्यापासून माठ कोरडा. आपण सात दिवसांच्या, ही रोजची.

"मी शीला," ती म्हणाली. "सर्वेवाली. घरांची यादी करून राहिले."

जनकाबाईनं टोपी खुंटीला टांगली. आवाज बारीक करून "येते, आजी" म्हणाली आणि मागच्या दारानं गेली. टक, टक, टक.

म्हातारी तो आवाज विरेपर्यंत कान देऊन बसली. मग हात पुढं करून तिनं आकांक्षाचं मनगट धरलं आणि तिला शेजारी बसवलं.

"लई दिवस लावलेस गं, आकांक्षा," ती हळूच म्हणाली. "अन् जनकाला बोलू नको हां, कॉलेजच्या पोरीच्या पायात जोडवी वाजत न्हाईत म्हणून."