बॉबिनकाकांची तीनशे उत्तरं

पाहुणे चारला येणार होते आणि बॉबिनकाकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. पाहुण्यांना हे ठाऊक नव्हतं. काकू सकाळपासून आत-बाहेर करत होत्या त्या त्यामुळेच.

"मी सांगत होते ना?" फोनवर थोरली बहीण म्हणाली. "गेलेल्या माणसाच्या नावानं किती दिवस लिहिणार? आता निस्तर."

"ताई, जखमेवर मीठ चोळायला फोन केलास का?"

"मग काय टाळ्या वाजवू? सांग, बाहेरगावी गेलेत म्हणून."

"किती लांबच्या गावाला?" काकूंनी विचारलं. दोघींनाही हसू फुटलं आणि मग काकूंना त्या हसण्याचीही लाज वाटली.

बॉबिनकाका हे इंटरनेटवरचं नाव. माणूस शिलाई मशीनचा मेकॅनिक. मागच्या खोलीत चाळीस वर्षं मशीन उघडण्यात गेली, आणि उतारवयात स्वारी शिवणाऱ्यांच्या एका चर्चेच्या साइटवर जाऊन बसली. कुणीही तिथे आपल्या मशीनचं रडगाणं गावं आणि काकांनी दोन ओळींत निकाल लावावा. 'खाली गुंता होतोय? खालचं काही उघडू नका. वरचा दोरा काढून परत ओवा.' तुसडं, पण बरोबर.

आजारपणात त्यांनी एक जाड वही लिहून काढली. पानाला एक बिघाड, त्याखाली उपाय. काकूंना म्हणाले, "कुणी विचारलं तर गप्प बसू नकोस. वहीत बघ."

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी काकूंनी साइट उघडली, ती खरं तर बातमी सांगायलाच. तर काजबटण नावाच्या कुणा शिंप्याचा प्रश्न येऊन पडलेला: 'काका, मशीन मधेच टाका सोडतं. काय करू?' काकूंनी वही चाळली. 'सुई उलटी बसलीय,' त्यांनी एका बोटानं टाइप केलं. बातमी उद्या सांगू म्हणाल्या.

तो उद्या काही उजाडला नाही.

साइटवर तशी कळाच उरली नव्हती. भरतकामाच्या पानावर वर्षभरात कुणी फिरकलं नव्हतं, नमुन्यांच्या पानावर नुसत्या जाहिराती. जाग होती ती दुरुस्तीच्या पानावर. आठवड्याला तीन प्रश्न, तेही दुपारी तीनच्या सुमाराला, म्हणजे घर खायला उठतं तेव्हाच. कधी काजबटण विचारायचा, कधी शाळेत शिवण शिकवणाऱ्या शिवणबाई, कधी आणखी दोघंतिघं. रविवारी कुणी विचारायचं नाही. ते बरंच होतं, कारण रविवारी काकू ताईकडे असायच्या.

वहीबाहेरचा प्रश्न एकदाही आला नाही. काय माणूस होता, एक बिघाड म्हणून सोडला नाही, असं काकूंना वाटायचं. हळूहळू त्या मागच्या खोलीत जाऊन वहीतलं एकेक करून बघायला लागल्या. हाताला तेल लागलं, नखं काळी झाली. वही बंद ठेवूनही उत्तर सुचायला लागलं.

मग कुणीतरी लिहायचं, 'काका, तुम्ही आहात म्हणून ही साइट जिवंत आहे.' ते वाचून काकूंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मान त्यांचा आणि मिरवतेय मी! आजच सांगून टाकते, असं त्या रोज ठरवायच्या. पण सांगितलं की प्रश्न थांबणार. प्रश्न थांबले तर दुपारी तीनला करायचं काय?

काल वही संपली. तीनशेवं पान, तीनशेवं उत्तर. संध्याकाळी काजबटणचा निरोप आला: 'काका, तीनशे झाली. मी आणि शिवणबाई उद्या चारला घरी येतोय.' पत्ता विचारलेला नव्हता. नका येऊ म्हणायला काकूंची बोटं धजली नाहीत.

चारला बेल वाजली. काजबटण म्हणजे काटकुळा माणूस निघाला, गळ्यात टेप तसाच राहिलेला. शिवणबाई चांगल्या भारदस्त. दोघांनी मिळून एक जड खोकं उचलून आणलं होतं. सत्काराची भेट असणार, या विचारानं काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"दम लागला हो जिना चढून," शिवणबाई म्हणाल्या. "बसू का?"

काका कुठे आहेत, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

"बसू नका," काकू म्हणाल्या. "आधी ऐका. तुमचे काका दोन वर्षांपूर्वीच गेले. ती सगळी उत्तरं मी देत होते, त्यांच्या वहीत बघून. मला तेव्हा मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही इतक्या विश्वासानं विचारत होतात आणि मी तुम्हाला फसवलं. फार लाज वाटते मला. काय बोलायचं ते बोला. मी खाली मान घालून ऐकून घेईन."

शिवणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. काजबटणनं घसा खाकरला. त्यानं पिशवीतून एक वही काढून काकूंच्या हातात दिली. तीच जाडी, तोच निळा पुठ्ठा.

काकूंनी पहिलं पान उघडलं. अक्षर काकांचं होतं.

'१. मशीन मधेच टाका सोडतं. हे काजबटणनं विचारायचं. वेळ दुपारी तीनची. रविवारी नको, ती ताईकडे असते.'

पानं उलटता उलटता अक्षर बारीक होत गेलं, थरथरत गेलं. शेवटच्या पानावर तीनशेवा प्रश्न होता आणि त्याच्याखाली चार ओळी.

'प्रश्न संपले. आता घरी जा. ती आधी माफी मागेल. मागून झाली, की एखादं खरोखर बिघडलेलं मशीन तिच्यापुढे ठेवा.'