बुवांची फिश डाइव्ह

या हो, अगदी जवळ सरकून बसा. कीर्तनकार कोपरकरबुवांची फजिती ऐकवतो, पण प्रेमाने ऐका.

बुवांची नात ऋता बॅले शिकते. रविवारच्या कार्यक्रमात ती जोडीदारासोबत ‘फिश डाइव्ह’ करणार होती. हे काय प्रकरण आहे ते बघायला बुवा तालमीला गेले, तर नातीचं डोकं जमिनीशी आणि पाय आभाळात! आधार काय तो जोएल नावाच्या किडकिडीत मुलाच्या हातांचा.

“रविवारचं रद्द!” बुवा गरजले. “पोर डोक्यावर पडेल.”

ऋता उठली. तिचे डोळे भरून आले होते. “आजोबा, मासा पाण्यात झेपावतो ना, तसं दिसायला हवं ते. आणि जोएल पडू देत नाही.”

“असं? मग मला धरून दाखव म्हणावं.”

बुवांचं वजन ब्याण्णव किलो. जोएलने बुवांचं पोट आपल्या मांडीवर तोललं आणि त्यांना हळूच खाली झुकवलं. पगडी घरंगळली. बुवांनी त्याचा गुडघाच कवटाळला.

“आजोबा, हात सोडा, पसरा,” जोएल धापा टाकत म्हणाला. “धरायचं काम माझं.”

देवावर भार टाका, असं बुवा चाळीस वर्षं कीर्तनात लोकांना सांगत आले होते. स्वतःचा भार त्यांनी आज पहिल्यांदा टाकला. हात पसरले, आणि बुवा पडले नाहीत.

“विठ्ठल विठ्ठल!” त्यांनी खालूनच गजर केला. “ऋते, रविवारी पहिल्या रांगेत माझी जागा धर!”

रविवारी जोएलला ऋता पिसासारखी वाटली म्हणे. तरी मंडळी, सांजवेळी देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या पोराच्या कमरेची आठवण ठेवा. बिचारा अजून शेकतोय.