चार आकड्यांचं कुलूप

"पोरांना कुलपं फोडायला शिकवता होय?" भाऊसोंनी दारातूनच विचारलं.

सांगलीतल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासला सत्त्याण्णव साली चांगलं नाव होतं, आणि असला गोंगाट तिथं त्यांना खपत नसे. महिन्यापूर्वी साताऱ्याहून आलेल्या संयोगिता निकम मॅडमनी 'किल्ला' नावाचा खेळ मांडला होता. एकानं प्रोग्रॅम लिहायचा, बाकीच्यांनी भलतंसलतं टाइप करून तो पाडायचा. जिथं पडला, तिथं लिहिणाऱ्यानंच बुरूज बांधायचा.

"फोडता आलं की राखता येतं," मॅडम म्हणाल्या.

"हेच खूळ गेल्या वर्षी सयाजी सरांच्या डोक्यात होतं. शेवटी कॉम्प्युटरमधला परीक्षेचा पेपर फुटला, तोही त्यांच्याच कुलपाच्या आकड्यानं. काढून टाकलं मी. आता गेले बिचारे, पण खरं ते खरं."

"त्यांचा आकडा आणखी कुणाला कळला असेल."

"कसा कळेल? आकडा म्हणजे शाळेच्या दाखल्यावरची जन्माची तारीख आणि महिना. दाखले माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. कुलपाचा प्रोग्रॅम माझ्या पुतण्यानं लिहिलाय, पुण्याला शिकून आलाय तो. फोडून दाखवा! फुटला तर खेळ चालू. नाहीतर उद्या तुम्ही साताऱ्याच्या एसटीत."

"ठरलं. पोरांनो, आज किल्ला भाऊसोंचा."

जतची मयूरी पुढं सरकली. तिनं भाऊसोंचं नाव टाइप केलं आणि थांबली.

"मॅडम, एक जून टाकू?"

"का गं?"

"आमच्या शाळंत गुरुजींनी समद्यांची तीच लिवलीया. घरच्यांस्नी तारीख कुठं ठावं आस्ती?"

शून्य एक, शून्य सहा. भाऊसोंची सगळी कागदपत्रं पडद्यावर आली. पोरांनी बाकं बडवली. भाऊसोंना आपल्या गावची शाळा आठवली, आणि दाखला भरणारे गुरुजीही.

"आता सयाजी सरांचं नाव टाक," मॅडम म्हणाल्या.

तेच चार आकडे. तेही उघडलं.

"म्हणजे कुणीही..." भाऊसो बोलता बोलता थांबले. मग उसनं हसले. "हरलो बाई. चालवा तुमचा खेळ."

"खेळ मी चालवणारच होते. मला पत्र हवंय. सयाजी सरांवरचा आळ खोटा होता, असं लिहा. खाली सही आणि शिक्का."

"गेलेल्या माणसाला पत्र? आता वाचणार कोण ते?"

"आईला वाचून दाखवायचंय."