शेवंतीच्या अलीकडं

“शेवंतीच्या कोपऱ्याला लोखंड लागू देऊ नगंस,” शेवटच्या आजारात नवरा म्हणाला होता आणि मंगलनं शब्द दिला होता. आज किकवीच्या शोरूमबाहेर तिचा लेक अमृत मोठ्या ट्रॅक्टरवर बसून लोडर वरखाली करत होता. “आई, ह्योच घिऊ. परडं एका दिसात सपाट!” “लई लांबून वळतो रं. त्यो बारका बघ.” “परडं सपाट करायचंय, फुगडी न्हाई घालायची!” मंगल परड्याच्या कोपऱ्यातल्या शेवंतीच्या झुडपापाशी रोज दिवा लावी, तो लेकाला देवाचाच वाटे, तिनंही खरं कारण कधी सांगितलं नव्हतं. आता ती हलकेच म्हणाली, “शेवंतीच्या अलीकडंच वळाय पायजे, बाळा. तिथं मातीत तुजी थोरली बहीण निजलीय.” अमृतनं इंजिन बंद केलं. “नाव काय व्हतं तिचं?” “बारशाआदीच गेली.” तो उतरला, चपला काढून बारक्या ट्रॅक्टरवर चढला आणि आवारात हळूच वळवून बघायला निघाला.