टपालघरातला कोपरा

तिने पहार उभी धरून जमिनीवर आपटली. टण्ण. दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा आपटली. पुन्हा टण्ण. खिडकीजवळच्या कोपऱ्यात मात्र आवाज बद्द आला, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा.

"एवढंच पोकळ आहे," ती म्हणाली.

टपालघराच्या मागच्या खोलीत पत्रांची वर्गवारी चाले. तिथली काँक्रीटची जमीन त्या एका कोपऱ्यात चार बोटं खचली होती. हात सोडला की पत्रांच्या ढकलगाड्या आपोआप तिकडे घरंगळत जायच्या. "आमच्याकडचं प्रत्येक पत्र आधी तो कोपरा बघून येतं," असं म्हणून पोस्टमास्तर हसले आणि पुढच्या खोलीत निघून गेले.

जमीन फोडायची नाही. तिला भोकं पाडायची, खालून सिमेंटचा पातळ माल दाबाने भरायचा आणि आहे तशी वर उचलायची, हा तिचा धंदा. पंपवाला बाहेर माल ढवळत होता. दाराशी स्टुलावर तिचे वडील बसले होते. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, आता चार पायऱ्या चढला तरी धाप लागायची. तिच्या कामावर ते कधी येत नसत. आज कुठे काम आहे हे कळलं आणि तिच्याआधी तयार होऊन बसले. घरात कंटाळले असतील, असं तिला वाटलं.

तिने सहा भोकं पाडली, पातळी कळावी म्हणून कोपऱ्यावरून दोरी ताणली, पहिल्या भोकात नळी बसवली आणि हात वर केला. बाहेर पंप धडधडू लागला.

"बघा ना बाबा," ती गुडघ्यांवर बसून म्हणाली, "बाकी सगळी जमीन कशी लोखंडासारखी केलीय. आणि इथे नुसती माती लोटून वर काँक्रीट ओतलंय. धुमस मारून माती ठोकायचेही कष्ट घेतले नाहीत. घरी जायची घाई झाली असणार गवंड्याला."

"हो," वडील म्हणाले. "झाली होती."

तिने मान वर केली. "तुम्ही केलंय हे?"

"मीच."

नळी हातात थरथरत होती. माल मध्येच थांबला तर नळीतच घट्ट झाला असता. तिने ती दुसऱ्या भोकात घातली.

"दुपारी निरोप आला, बायकोला बरं नाही, लवकर ये. माल कालवून झाला होता. म्हटलं, एवढं संपवू नि निघू." त्यांनी श्वास घेतला. "मग दुसरा निरोप आला. निरोप आणणारा काही बोललाच नाही, नुसता उभा राहिला. तेव्हा हा कोपरा राहिला होता. फावड्याने माती लोटली, वर काँक्रीट ओतलं आणि पळत सुटलो."

"पण पोचलात ना तुम्ही?"

वडिलांनी नुसतं तिच्या पायाशी बोट दाखवलं.

शेजारच्या भोकातून करडा माल वर आला आणि तिच्या चपलेपर्यंत ओघळला. तिने घाईने लाकडी खुंटी ठोकली. एकदा हातोडी बोटावर बसली.

"पोरीला काही कमी पडू देऊ नका, असं आई शेवटचं म्हणाली होती," ती म्हणाली. "तुम्हीच सांगत आलात."

"मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं."

"मग ते कोण म्हणालं?"

"पुढे मोठी झालीस तशी तू विचारायचीस, आई काय म्हणाली, आई काय म्हणाली. तेव्हा पाच वर्षांची होतीस. काहीतरी सांगायला पाहिजे होतं." ते हातांकडे बघत राहिले. "पण तसं वागलो. तेवढं मात्र वागलो."

बाहेरून पंपवाला ओरडला, "ताई, दाब वाढवू का?"

"नको," ती ओरडली. "आहे तेवढाच राहू दे." तिने बाहीने तोंड पुसलं, तर गालावर सिमेंट लागलं.

जमीन उचलली जात होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण ताणलेल्या दोरीखालची फट चार बोटांची दोन झाली, मग एक, मग अर्धी. भिंतीच्या कडेची भेग हळूहळू मिटली. जमीन दोरीला टेकली तसा तिने हात खाली केला. पंप थांबला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की वडिलांच्या छातीतली घरघर ऐकू येऊ लागली.

ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. त्यांच्याकडे न बघताच तिने विचारलं, "शेवटी तिच्याजवळ कोण होतं?"

"तू होतीस."

"मी?"

"दीड वर्षाची. घरात दुसरं कुणीच नव्हतं. शेजारीण मला निरोप धाडायला म्हणून बाहेर पडली होती." म्हातारा स्टुलावरून सावकाश उठला आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"ती काही म्हणाली असेल, तर ते तुलाच म्हणाली."